पाळीतला अणू

देशाची प्रगती लहान वस्तूंपासून सुरू करावी, हे कोणत्याही शहाण्या माणसाला पटेल. सृष्टीत सगळ्यांत लहान तो अणू, म्हणून आपल्या देशाने आधी अणूला हात घातला. तलाव ही बरीच मोठी वस्तू असल्यामुळे तिचा क्रम मागाहून येणार होता. भंडारा जिल्ह्यातल्या चिचगडजवळच्या चैतरामला हा क्रम ठाऊक नव्हता. त्याच्या दोन बांध्यांतलं, म्हणजे खाचरांतलं, धान गावतलावाच्या पाण्यावर पिकत होतं, एवढंच त्याला कळत होतं.

त्या तलावाची मातीची पाळ पंचावन्न सालच्या पावसात फुटली. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काळी पाळ फुटली की घरटी एक माणूस आणि एक टोपली निघे आणि आठ दिवसांत खिंडार बुजे. ही पद्धत अत्यंत मागासलेली होती, कारण तिच्यात अर्ज नव्हता. मग मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, आणि सरकारच्या पाळीवर परवानगीवाचून माती टाकणं हा गुन्हा ठरला. चैतरामने अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की अर्ज मिळाला. दुसऱ्याला उत्तर आलं की पहिल्याला उत्तर दिलेलं आहे. (तिसरा अद्याप विचाराधीन आहे.)

होळी झाली. मृगाच्या आत पाळ बांधली नाही तर तलावात पाणी थांबणार नव्हतं, आणि आश्विनात धान निसवून लोंब्या धरायच्या वेळी बांध्या कोरड्या पडणार होत्या. त्याच सुमारास अणूचे दगड शोधणारं एक सरकारी पथक जंगलात फिरत होतं. चैतरामच्या बायकोने, वच्छलाने, त्यांची जीप पाहिली.

"अणूले जीप येते, पान्याले नाई येत," ती म्हणाली. "मंग सांगा ना साहेबाले, पाळीत अणू हाये मनून. खोदून पायतीन, मंग बुजवतीन बी."

"अन् नाई निंगाला तं?"

"नाई निंगाला तं माती तं पडन!"

सरकारने उकरलेला खड्डा सरकार बुजवतं, अशी चैतरामची समजूत होती. (ही समजूत त्या भागात अजूनही तुरळक आढळते.) तो गेला आणि सांगून आला.

तिसऱ्या दिवशी जीप हजर. साहेबांनी खिंडारातल्या काळ्या दगडाला यंत्र लावलं. ते टकटक करू लागलं.

"मशीन कायले बोलून राहिली जी?" चैतरामने विचारलं.

साहेबांनी मोजलं: मिनिटाला अठरा. शेजारच्या मोहाच्या झाडाला लावलं, अठरा. वच्छलाच्या आंबिलीच्या गाडग्याला लावलं, अठरा. चुकून साहेबांच्या पोटाला लागलं तेव्हा एकोणीस भरले, पण ते अहवालात नाही. जिकडेतिकडे टकटक होते त्या अर्थी साठा प्रचंड आहे, असा निष्कर्ष निघाला.

"इसे हाथ मत लगाना," साहेब म्हणाले. "ये अब राष्ट्र की संपत्ति है."

"मंग पाळ कवा बुजते जी?"

"पाळ छोड़ो. यहाँ की बिजली से दिल्ली जगमगाएगी."

"दिल्लीत धान पिकते का जी?" चैतराम म्हणाला. हा प्रश्न पाहणीच्या कक्षेबाहेरचा होता.

खिंडाराभोवती तारेचं कुंपण आलं, पाटी आली. राखणीला स्थानिक, भरवशाचा आणि रिकामा माणूस हवा होता. बांध्या कोरड्या पडणार म्हणजे चैतराम रिकामा असणार, हे उघडच होतं. त्याला खाकी कोट आणि शिट्टी मिळाली. इतकी दूरदृष्टीची नेमणूक सरकारी इतिहासात क्वचितच झाली असेल.

मृगाला चार दिवस उरले तेव्हा वच्छला डोक्यावर मातीची टोपली घेऊन पाळीवर आली. मागे गावातली आणखी तीस घरं, घरटी एक टोपली. चैतरामने कोटाची बटणं लावली आणि तो वाटेत आडवा आला.

"सरका बाजूले. काऊन अडवून राहिले?"

"सरकारी जागा होय हे."

"अन् खालतची बांधी कोनाची होय?"

त्याने शिट्टी वाजवली. वाजवता वाजवता त्याचे डोळे भरून आले. पहारेकऱ्याच्या नियमांत याबद्दल काहीच नसल्यामुळे ते त्याने पुसलेही नाहीत. एकतीस टोपल्या आल्या वाटेने परत गेल्या.

ऑगस्टात मुंबईजवळ देशाची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच आठवड्यात तलाव काठोकाठ भरला आणि पाच दिवसांत खिंडारातून रिकामा झाला. आश्विनात धान पोटरीतच वाळलं. चैतरामने ते बैलांपुढे टाकलं आणि पुन्हा पहाऱ्यावर गेला. दगडात काहीही नसल्याचा कागद नागपूरला, तेव्हाच्या राजधानीला, पोचला होता, पण नोव्हेंबरात भंडारा जिल्हाच मुंबई राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर फाइलही. ती अजून वाटेत आहे.

ऑगस्टात काढलेला एक फोटो मात्र वर्तमानपत्रात वेळेवर छापून आला. खाकी कोटातला चैतराम, शेजारी पाटी, मागे खिंडारातून कोसळणारं पाणी, आणि खाली ओळ: 'अणुयुगाचा ग्रामीण पहारेकरी'. तो फोटो आपणही पाहिलात. चहाचा कप खाली ठेवून चांगला निरखलात, आणि घरच्यांना दाखवत म्हणालात, "धबधबा काय सुंदर आहे!"