पाचवी निघेस्तोवर

इंगळे भाऊ चहा घेण्याआधी बशी उलटी करून बघतात. काहून, विचारलं की म्हणतात, "पाहून घेतलेलं बरं, बाप्पा." अकोल्याला सख्ख्या भाचीच्या लग्नात हा माणूस अक्षता टाकायच्या सोडून स्टेजचे नटबोल्ट हलवून बघत होता!

नांदगाव पेठच्या आमच्या कापडगिरणीत भाऊ फिटर आणि मी खरेदी खात्यात. मोटारीच्या मागे एन्कोडर नावाचा एक डबा असतो. मोटार किती फिरली, तिने ओढलेली मशीनची गाडी रुळावर कुठे उभी आहे, हे तो मशीनला सांगतो. भाऊंचा त्याच्यावरही भरोसा नाही. शाफ्टवर खडूनं रेघ मारतात, हातानं फिरवून मोठ्यानं मोजतात, मगच आकडा बघतात. जुळला तरी तोंड वाकडंच. "आज खरं बोलला. उद्याचं काय?"

एक टायवाला सेल्समन डब्याचं गुणगान करत होता. भाऊंनी विचारलं, "तुमी सोताच्या घरी बसवला का?"

यंदा मोठ्या मशीनचा एन्कोडर बदलायचा होता. स्वस्तातला एन्कोडर, लाईट गेली की गाडीची जागा विसरतो. लाईट आली की गाडी पार टोकाला नेऊन शून्य शोधतो. महागातल्याला सगळं लक्षात राहतं, गाडी जागची हलत नाही. जुना वायसरही न फेकणारे भाऊ म्हणाले, "महागाचाच घ्या."

"काहून?"

"ते सांगता येत नाही."

झालं! नक्की पाणी मुरतंय. कमिशनच असणार, दुसरं काय! वरून लाईट गेली रे गेली की भाऊ जेवणाचा डबा टाकून पॅनेलमागे पसार. एका दुपारी मी गेलोच मागोमाग.

भाऊ मेन स्विच खाली ओढून दांडा धरून उभे. समोर पाच बाया गाडीखाली वाकून अडकलेला कापूस ओढत होत्या. मशीनखाली जायची सक्त मनाई आहे. पण कापूस काढला नाही तर मशीन चालत नाही, आणि ती थांबते फक्त लाईट गेल्यावर. लाईट आली. भाऊ हलले नाहीत. "सुमनताई! रेखा!" पाचवी बाहेर आली तेव्हा त्यांनी दांडा वर केला. गाडी खाडकन टोकाकडे धावली, जिथे आत्ता त्यांची डोकी होती तिथून.

"भाऊ, साहेबांना सांगा की हे!"

"सांगतो! अन् उद्या पाचही जनी कामावरून घरी? पोटं हायेत त्याइले."

"मग?"

"या महिन्यात मी रिटायर होऊन राहिलो. मंग इथं कोन उभं राहीन?"

मला माझीच लाज वाटली. फाईलवर महागाचा एन्कोडर लिहून, भांडून सही आणली. पण माल यायला दोन महिने.

पुढच्या खेपेला लाईट गेली तेव्हा भाऊंच्या आधी मी पॅनेलशी पोचलो आणि दांडा खाली ओढून धरला. भाऊ आले. मी नीट धरलाय का, म्हणून त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"घट्ट धरा. पाचवी निघेस्तोवर सोडू नका."

पाचवी निघाली. भाऊंनी हात काढला नाही.