कुसुम सिस्टरांचा कागदावर विश्वास नाही

आमच्या बालविभागात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी कुसुम सिस्टरांनी नमस्कार करण्याआधी मला वजनकाट्यावर उभं केलं. "काटा बरोबर शे का ते दखनं शे," म्हणाल्या. मी सांगितलं त्याहून माझं वजन तीन किलो जास्त भरलं. काटा बरोबर आहे आणि डॉक्टर खोटं बोलतो, असा निकाल त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर दिला.

लिहिलेल्या कशावरही बाईंचा विश्वास नाही. औषधाची बाटली तीनदा मोठ्यानं वाचणार. औषध भरताना कोणी मध्ये बोललं की खेकसणार. एकदा मोठ्या साहेबांचा वाजणारा फोन त्यांनी सरळ चादरींच्या कपाटात कोंडला. "कागद काय म्हनस ते ऱ्हाऊ द्या. पोर काय म्हनस?" हे दिवसातून दहा वेळा. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

परवा दुपारी तोरणमाळहून एक बाई झटके येणाऱ्या मुलीला घेऊन आली. सोबत मुलीची आजी. लहान मुलांचा काटा नेमका बिघडलेला. म्हणून मी आईचं मुलीसकट वजन घेतलं, मग मुलगी आजीकडे देऊन आईचं एकटीचं, आणि वजाबाकी केली. बारा किलो. त्या हिशेबानं औषध लिहिलं. पोरीचे डोळे फिरलेले, हातपाय ताठ. सिस्टरांनी इंजेक्शन भरलं, तिची मांडी चाचपली आणि थांबल्या.

"बारा? नही."

"सिस्टर, द्या लवकर! पोर हातची जाईल!" मी ओरडलोच.

"जास्ती दिधं ते श्वास बंद पडी. परत मोजा, डॉक्टर."

आई मुलीला घेऊन पुन्हा काट्यावर चढली. आकडा मघापेक्षा चार किलोनं कमी! सिस्टरांनी आजीच्या पायाशी पडलेल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. दवाखान्यातल्या मुक्कामासाठी घरून आणलेलं पीठ. पहिल्या वेळी ते आईच्या पाठीवर होतं आणि मुलीबरोबर तेही खाली उतरलं होतं. पोरगी आठच किलोची. चार किलो पिठाचं औषध मी तिच्या अंगात घालणार होतो.

आठ किलोचं औषध गेलं. आम्ही तिच्या छातीकडे बघत उभे. हळूहळू मुठी सैल पडल्या आणि ती रडली. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

लाजेनं मेल्यासारखा मी माफी मागायला गेलो. सिस्टर औषधांच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर दाबून धरलेले, तरी थरथरत होते.

"आसं व्हयनं का घर जाईसन कोनले सांगू? कोनी नही तठे," त्या म्हणाल्या. "हात थांबतीन तोपावत बसा जरासा."

मी शेजारी बसलो. हात थांबायला बराच वेळ लागला.