किटलीवर दोन टिचक्या

मापिरा कॅम्पात चहा वाहून नेणाऱ्या माणसाला तीन जुलैच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिंह दिसला. ही गोष्ट नियमबाह्य होती.

सिंह दिसण्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. लुआंग्वा नदीच्या काठी सहा गवती झोपड्या टाकून बसलं की सिंह दिसायचाच. नाही दिसला तर पाहुणे तोंड वाकडं करतात. प्रश्न होता तो कुणाला दिसावा, याचा. आमच्याकडे पायी फिरायला निघताना रांग ठरलेली असते. सगळ्यांत पुढे सरकारी बंदूकवाला, त्याच्यामागे वाटाड्या, मग पाहुणे आणि शेवटी चहावाला. चहावाल्याच्या हातात किटली आणि डोक्यावर टोपली. टोपलीत कप, साखर आणि मी भाजलेला केक. मी कॅम्पाचा आचारी, झेफानिया. केकचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पुढच्या कुठल्याही सरकारी कागदात तो नाही.

चहावाला म्हणजे योबे, माझ्या बहिणीचा, तिसाउकेचा नवरा. तेवीस वर्षं तो रांगेच्या शेवटी चालत आला. शेवटच्या माणसाला खरं तर पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसाव्यात. योबेला सगळं दिसायचं. काही दिसलं की तो ओरडत नसे, किटलीवर बोटाने दोन टिचक्या मारायचा. टक, टक. अख्खी रांग जागच्या जागी थांबायची. तेवीस वर्षांत निघताना मोजलेले पाहुणे परतताना तेवढेच भरले.

त्या सकाळीही टक, टक झालं. डावीकडे तीस पावलांवर झुडपाच्या सावलीत सिंह पडला होता. रांग गुपचूप मागे सरली, मोठ्या झाडाखाली बसली, चहा झाला. पाहुण्यांमध्ये म्वापे नावाचे एक गृहस्थ होते. ते जिल्ह्याच्या दर्शन नियमन कार्यालयाचे निरीक्षक आहेत, हे त्यांनी दुसऱ्यांदा केक घेईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

"सिंह प्रथम कुणाला दिसला?" मिशीवरचे कण झटकत त्यांनी विचारलं.

"आमच्या योबेकाकांना!" गर्शोम कौतुकाने म्हणाला. गर्शोम आमचा वाटाड्या, परीक्षेत शंभरापैकी शहाण्णव गुण मिळवलेला गुणी मुलगा.

"यांचा दर्शन-परवाना बघू."

योबेने टोपलीत हात घातला. "साहेब, माझ्याकडे साखर आहे."

आठ दिवसांनी कॅम्पाच्या मालकीणबाईंना, झिम्बाबाईंना पत्र आलं. "सदर सिंह हा अनधिकृत व्यक्तीस दिसला असल्याने तो दिसला असे धरता येत नाही. अधिकृत वाटाड्या उपस्थित असूनही सिंह परस्पर दिसल्याने शिस्तभंग झाला आहे. तरी आपला पायी भ्रमंतीचा परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा."

पायी भ्रमंती बंद म्हणजे कॅम्प बंद. आमच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही. एक जीप होती, ती मे महिन्यापासून नदीच्या वाळूत रुतली आहे आणि तिच्यावर बगळे बसतात. कॅम्पावर बारा घरं चालतात. त्यातलं एक माझं, एक माझ्या बहिणीचं.

झिम्बाबाई पदर खोचून भांडणाऱ्या जातीच्या. त्या थेट कार्यालयात गेल्या.

"साहेब, माणसाला देवाने डोळे दिलेत. त्याला दिसणारच ना?"

"डोळे असणं ही खाजगी बाब आहे बाई," म्वापे साहेब शांतपणे म्हणाले. "दिसणं ही जबाबदारी आहे. उद्या उठून आचाऱ्यालाही दिसायला लागेल."

"मग योबेला परवाना द्या की!"

"अवश्य. आम्ही आडकाठी करणारे लोक नाही. डोळे तपासून या."

योबे डोळे तपासायला गेला. सोबत मी. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरांची पाटी दाखवली आणि शेवटची ओळ वाचायला सांगितली. योबेने पाटीकडे बराच वेळ बघितलं.

"अक्षरं मला येत नाहीत, डॉक्टरसाहेब. पण पाटीमागून पालीचं डोकं बाहेर आलंय, तिला डावा डोळा नाही. आणि तुमच्या खिडकीतून ते आंब्याचं झाड दिसतं ना, तिसऱ्या फांदीवर घुबड झोपलंय. दोन आहेत. दुसरं पिल्लू आहे."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग परत येऊन त्यांनी कागदावर लिहिलं, "दृष्टी असमाधानकारक. लक्ष पाटीवर नाही."

या दाखल्याच्या आधारे कार्यालयाने योबेला रीतसर 'अदर्शक' ठरवलं. दिसण्याचा अधिकार नसलेला कर्मचारी. मात्र नोकरीवर गदा येऊ नये म्हणून सहानुभूतीपूर्वक तीन अटी घातल्या. एक, अदर्शकाने चालताना नजर किटलीच्या झाकणावर ठेवावी. दोन, अनवधानाने काही दिसल्यास त्याची लेखी माहिती तीन प्रतींत, कॅम्पात परतल्यावर वाटाड्यास द्यावी. तीन, भांड्यांचा संकेतार्थ वापर करू नये. झाल्यास इतरांनी तो ऐकू नये.

"परतल्यावर?" योबेने मला विचारलं. "आणि परतलोच नाही तर?"

"तर दोन प्रती चालतील, भावोजी," मी म्हटलं. तेव्हा मला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं.

फेरतपासणी ऑगस्टच्या अखेरीस ठरली. तोवर आणखी दोन परिपत्रकं आली. जंगलात पदार्थ वाटला जातो म्हणून अन्नसुरक्षेसाठी आचाऱ्याने रांगेत चालावं, आणि नियमपालनाची खात्री व्हावी म्हणून मालकानेही. पाहुणे मात्र त्या दिवशी एकच होते, लुसाकाचे निवृत्त न्यायाधीश लिकांडो. त्यांना एकट्याला जंगल दाखवायला आम्ही सहा जण निघालो. पुढे बंदूकवाला साकाला, मग गर्शोम, मग न्यायाधीश, मग वही उघडून म्वापे साहेब, मग झिम्बाबाई, मग मी आणि शेवटी झाकणाकडे बघत चालणारा योबे. तो दोनदा ठेचकाळला. तेवीस वर्षांत मी त्याला ठेचकाळताना पाहिलं नव्हतं.

निघण्याआधी झिम्बाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "योबे, हात जोडते. आज काही बघू नकोस. अकरा घरांकडे बघ."

"अकराच की बाराकडे, बाई?"

"बारा रे बाबा, बारा."

वाट नदीच्या कडेने जाते. डावीकडे दाट झुडपं, उजवीकडे पाणी, मधे जेमतेम दोन माणसांची जागा. अर्ध्या वाटेवर डाव्या झुडपातून चार पक्षी कर्कश ओरडत उडाले. लाल चोचीचे. जनावरांच्या पाठीवर बसून गोचिड्या खातात ते. आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे की हे पक्षी झुडपावर बसत नाहीत, झुडपात जे उभं असतं त्याच्यावर बसतात. पाण्यातला पाणघोडा गरीब असतो. पण तो झुडपात आणि आपण त्याच्या आणि पाण्याच्या मधे, असं झालं तर तो वाट विचारत नाही, थेट घरी जातो.

मला पक्षी दिसले. मग पानांमागचा गुलाबी-करडा कानही दिसला. मी काय करणार? मी अन्नसुरक्षा होतो.

पुढे कुणाकुणाला दिसलं ते नंतर हळूहळू कळलं. साकालाला दिसलं होतं. पण त्याला नेमून दिलेलं काम बंदूक चालवण्याचं, दिसण्याचं नव्हे, आणि वाटाड्याने सांगितल्याशिवाय त्याला मान वळवता येत नाही. गर्शोमला दिसलं होतं. पण पुस्तकाप्रमाणे प्राण्याचा निम्मा भाग दिसल्यावरच घोषणा करता येते आणि त्याला फक्त कान दिसला होता. न्यायाधीशांना दिसलं, पण प्रकरण आपल्यासमोर रीतसर आलेलं नसताना मत देणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. झिम्बाबाईंना दिसलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. म्वापे साहेबांनाही दिसलं. पण निरीक्षक निरीक्षण करणाऱ्यांचं निरीक्षण करतो. पाणघोडा त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

सगळी रांग पावलामागे पाऊल टाकत चालत राहिली.

मी मागे वळून योबेकडे बघितलं. त्याची नजर झाकणावर होती, पण नाकपुड्या फुलल्या होत्या. डोळे बांधता येतात, वासाला काय करणार? त्याचं बोट किटलीवर आलं. मागे गेलं. पुन्हा आलं. माझी बहीण त्या बोटाला लटकलेली मला स्पष्ट दिसत होती.

टक, टक.

सवयीने सगळ्यांची पावलं अडखळली. पण तिसरी अट आठवून गर्शोम पुन्हा चालू लागला. त्याच्यामागे न्यायाधीशही. फक्त म्वापे साहेब जागीच थांबले आणि वही वर धरून मागे वळले.

"हा काय प्रकार? भांड्याचा संकेतार्थ वापर! सगळ्यांनी नोंद घ्या, वेळ आठ वाजून..."

वेळ सांगायची राहिली. झुडूप फुटलं. योबेने किटली, टोपली, केक सगळं टाकलं, मला आणि झिम्बाबाईंना कोपराने बाजूला लोटलं आणि साहेबांची कॉलर धरून त्यांना खेचत काटेरी झाडात फेकलं. साहेब जिथे उभे होते तिथून पाणघोडा गेला. वही त्याच्या पायाखाली गेली. मग पाण्यात धप्पकन आवाज झाला आणि नदीने हेलकावा खाल्ला.

कुणाला काही झालं नाही. साहेबांच्या पाठीत एकोणीस काटे होते, ते योबेने एकेक करून काढले.

"आई गं! हळू काढ रे!" साहेब विव्हळत होते.

"न बघता काढतोय, साहेब. थोडं दुखणार."

नियमाप्रमाणे चौकशी झाली. प्रत्येकाला छापील कागद मिळाला. त्यात दोनच प्रश्न होते. पहिला: सदर पाणघोडा आपणास दिसला होता काय? दुसरा: दिसला असल्यास, आपण काय केले? दुसऱ्या प्रश्नाखाली तीन कोऱ्या ओळी सोडल्या होत्या.

त्या तीन ओळींनी सगळ्यांचा घात केला. साकालाने पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. गर्शोमने लिहिलं. न्यायाधीशांनी लॅटिन घालून लिहिलं. झिम्बाबाईंनी पदराने डोळे पुसून लिहिलं. म्वापे साहेबांनी उभ्याने लिहिलं, कारण त्यांना टेकून बसता येत नव्हतं. मीही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. तेवढा एकच शब्द इतका गिचमिड कसा आला, कोण जाणे.

योबेला लिहिता येत नाही. त्याने कारकुनाला तोंडी सांगितलं, "दिसला. टिचकी मारली."

निकाल तर्कशुद्ध होता. सहा जबाबदार व्यक्तींना पाणघोडा दिसला नाही, सबब तो नव्हता. जो नव्हता तो एका अदर्शकाला दिसला, हा दुहेरी गुन्हा. किटलीच्या आवाजाने रांगेत गोंधळ उडून निरीक्षकांना इजा झाली, हा तिसरा. योबेला कामावरून कमी करण्यात आलं. मापिरा कॅम्पात त्या दिवशी एकही अनधिकृत दर्शन ग्राह्य धरलं गेलं नाही, म्हणून आमचा परवाना तीन वर्षांसाठी वाढवून मिळाला, शाबासकीच्या पत्रासह. ते पत्र जेवणाच्या मांडवात टांगलं आहे. झिम्बाबाई त्याच्याकडे पाठ करून बसतात.

आता चहा मी नेतो. किटलीही तीच आहे, एका बाजूने चेपलेली. मी तिला बोट लावत नाही.

परवा धीर करून बहिणीकडे गेलो. योबे अंगणात जाळं विणत बसला होता. हसून म्हणाला, "ये झेफा, बस. तुझ्यामागे चिखलात बिबट्याची पावलं आहेत, सकाळचीच. काळजी नको, तो गेलाय." जणू काही झालंच नव्हतं. माझी मान वर होईना. मला स्वतःची लाज वाटली. ती अजून वाटते.

तिसाउकेने माझ्यासमोर ताट ठेवलं. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गोळा, भेंडी, सुकी मासळी.

"जेव दादा," ती म्हणाली. "ताट दिसतंय ना तुला? की आधी गर्शोमला विचारायचं?"

न जेवताच उठलो.

काल कार्यालयाचं शेवटचं पत्र आलं. फाइल बंद करण्यासाठी आणखी एक कागद भरून हवा आहे, त्रयस्थ साक्षीदाराचा. रांगेत सुरुवातीपासून असलेला, पण कॅम्पाचा नोकर नसलेला आणि अजून जबाब न दिलेला. मी खूप विचार केला. तसा एकच माणूस आहे. तुम्ही.

नाही म्हणू नका. निघाल्यापासून माझ्यामागेच चालत होतात. चार पक्षी उडाले तेव्हा होतात, ते कशावर बसतात हे मी सांगितलं तेव्हाही होतात. झुडपात काय आहे ते तुम्हाला योबेच्या टिचकीच्या बरंच आधी कळलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? माझ्यासारखंच. पुढे कोण काय करतो ते बघत राहिलात. वर हसलातही.

असो. मी कुणाला बोलणार? कागद सोबत जोडला आहे. भरायला सोपा आहे, तुम्हाला सवय असेलच. पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहा. खालच्या तीन ओळी कोऱ्या सोडा.