घरातलं दुकान, दुकानातलं घर

आमगावच्या आपल्या फोटो स्टुडिओत बसून ओमेश्वर छाती फुगवून सांगायचा, "एक वेळ लगन मोडंल, पन आपल्याकडचा व्हिडिओ हरपनार नाई!"

कारण त्याच्याकडे व्हिडिओ साठवायच्या दोन पेट्या होत्या. एक दुकानात, एक फुलचूरच्या घरी. दुकानातल्या पेटीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीला आत जे जे आहे त्याची जशीच्या तशी छबी, इंटरनेटवरून घरच्या पेटीत जायची. नावंही त्यानं सरळ ठेवली होती. 'दुकान' आणि 'घर'.

मध्ये दुकानातल्या पेटीचा पंखा राइस मिलसारखा घरघरायला लागला. गिऱ्हाइकांशी बोलता येईना. ओमेश्वरनं दोन्ही पेट्यांची अदलाबदल केली. नावं बदलायची मात्र राहून गेली.

त्यानंतर गिऱ्हाईक टेकचंदभाऊंच्या लेकीचं, रुचिकाचं लग्न झालं. ओमेश्वरनं सगळं शूटिंग दुकानातल्या पेटीत ओतलं, आपल्या कॅमेऱ्याची कार्डं पुसली आणि झोकात हुकूम सोडला: 'दुकान'चा स्नॅपशॉट 'घर'कडे!

कॉम्प्युटरनं विचारलं, समोरच्या पेटीतलं नवं सगळं पुसलं जाईल. चालेल?

"किती विचारते बाप्पा हा!" म्हणत त्यानं 'होय' दाबलं.

मग फोल्डर उघडायला गेला, तर रुचिका गायब! हळद गायब, वरात गायब, नवरदेव घोडीसकट गायब!

त्यानं घरी बायकोला फोन लावला. "अल्का, 'घर' पाह्य ना जरा. त्यात रुचिकाचं लगन आहे का?"

"घरात? तिचं लगन तर लॉनवर झालं!"

"अवं, 'घर' म्हन्जे पेटी!"

"इथल्या पेटीवर तर 'दुकान' लिवलं आहे."

"मंग 'घर' कुठी गेलं?"

"मले काय विचारता? तुमीच तर 'घर' दुकानात नेलं!"

ओमेश्वरनं समोरच्या पेटीकडे पाहिलं. 'घर'! घरी नेलेल्या 'दुकान'मधली शिळी छबी त्यानं स्वतःच्या हातानं ताज्या लग्नावर चढवली होती.

तेवढ्यात टेकचंदभाऊच दारात. "काऊन, झाला का व्हिडिओ?"

"भाऊ, स्नॅपशॉटमध्ये थोडी गडबड..."

"फोटो राहू दे रे! मले व्हिडिओ पाहिजे. उद्या पाहुणे येऊन राहिले!"

ओमेश्वरला एकदम दुसरा कॅमेरावाला मनिराम आठवला. तो रुचिकाच्या लग्नातून थेट केशोरी गावातल्या दुसऱ्या लग्नाला गेला होता. त्याचं कार्ड शाबूत असणार! ओमेश्वरनं गाडीला किक मारली आणि केशोरी गाठलं. कार्ड होतं. पण त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोक नुसते जेवत होते!

"तुमीच म्हनलं होतं," मनिराम म्हणाला, "पंगत सोडजो नोको!"

दुसऱ्या दिवशी टेकचंदभाऊंच्या अंगणात पाहुण्यांसमोर टीव्हीवर तीच पंगत लागली. ओमेश्वर सटकायच्या बेतात चपलांशीच उभा राहिला.

"अरे, हा पाहा चैनलाल!" भाऊ ओरडले. "मले म्हने, पोट बरं नाई, जेवलोच नाई! जिलेबीवर जिलेबी हानून राहिला!"

अंगणात हशा पिकला. जो तो स्वतःला शोधू लागला. कुंतामावशीला आपली नवी साडी दिसली म्हणून व्हिडिओ मागं घ्यावा लागला. भाऊंनी ओमेश्वरची पाठ थोपटली, "असं शूटिंग जन्मात नाई पाह्यलं!"

ही शाबासकी की टोमणा, हे त्याला कळेना. सुटलो म्हणावं, तर रात्री सासरहून रुचिकाचा फोन.

"ओमेश्वरभाऊ, बाबानं धाडलेल्या पेनड्राइव्हातली पंगत आमी पूरी पाह्यली, मस्त आहे! सासूबाई विचारून राहिल्या, लगन कोनत्या फोल्डरात आहे?"

ओमेश्वरनं फोन तोंडापासून हातभर लांब धरला.

"हॅलो? हॅलो? ताई, आवाज नाई येऊन राहिला!"