पडदाभर लग्न

पडदा भरलाच पाहिजे, या बाबतीत डोमाजी कोणाचं ऐकणार नव्हते. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांचं घर, आणि त्यात पंचावन्न इंची टीव्ही. समोर बसलं की मान एखाद्या पंख्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागायची.

बायको मैना, तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन. सोयरेधायरे जमणार, तेव्हा त्यांना मुलीच्या, ज्योत्स्नाच्या लग्नाची कॅसेट दाखवायची असं डोमाजींनी ठरवलं. मैनाचं हलतं-चालतं रूप तेवढ्या एका कॅसेटीत उरलं होतं.

जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या परवेजनं त्यांना आधीच सांगितलं होतं.

"काका, जुनं चित्र चौकोनी हाय, तुमचा पडदा लांबट. दोन्ही बाजूले काळ्या पट्ट्या येतीन."

"पट्ट्या नाई पाह्यजे. एवढा टीव्ही काय अर्धा पाह्याले घेतला?"

"मंग कापा लागते. वरून कापू का खालून?"

"खालून काप. वर मांडवाची लायटिंग हाय. खाली सतरंज्या, त्या कोन पाह्यते?"

"आन कॅसेट?"

"तिले बुरशी लागली. देऊन टाक भंगारात."

शनिवारी ज्योत्स्ना अमरावतीहून आली. डोमाजींनी तिला समोर बसवलं आणि ऐटीत टीव्ही लावला. काळ्या पट्टीचा मागमूस नव्हता. लायटिंग तर अशी झगमगत होती, की जणू लग्न तिचंच होतं. पाहुणे आले, नवरदेव आला. ज्योत्स्ना वाट पाहत राहिली.

"बाबा, आई कुठं हाय?"

तेवढ्यात पडद्याच्या तळाशी एक गजरा डावीकडून उजवीकडे सरकत गेला. थोड्या वेळानं तो परत आला, मध्येच थांबला आणि खाली बुडाला. कोणाच्या तरी पाया पडला असावा.

मैनाची उंची चार फूट आठ इंच. शूटिंगवाला ताडमाड, कॅमेरा खांद्यावर. अख्ख्या लग्नात ती चित्राच्या खालच्या भागातच वावरली होती, आणि तेवढाच भाग डोमाजींनी कापायला सांगितला होता.

"तेच तं हाय," डोमाजी हळू आवाजात म्हणाले. "गजऱ्याच्या खाली."

मग त्यांनी रिमोटची सगळी बटणं दाबली. एकानं नवरदेव आडवा पसरून कोहळ्यासारखा झाला. दुसऱ्यानं गजराही गेला. ज्योत्स्नानं त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

ते तसेच परवेजकडे गेले. कॅसेट दोन दिवसांपूर्वीच भंगारात गेली होती. कापून उरलेलं चित्र तेवढं ठेवून बाकीचं त्यानं कॉम्प्युटरमधूनही पुसलं होतं.

"मी पुन्हा विचाराले पाह्यजे होतं काका," परवेज म्हणाला. "माही अम्मी गेली, तवा माह्यापाशी तिचा एक धड फोटो नव्हता."

त्यानं चहा मागवला. दोघांनीही तो घेतला नाही.

शेवटी डोमाजींनी अंजनगाव सुर्जीला मैनाच्या भावाला, खुशालरावांना फोन केला. लग्नाची एक सीडी तेव्हा त्यांना दिली होती, ते आत्ता आठवलं.

"असंन कुठंतरी भाऊजी. पाह्यतो. पन तुमच्याजोळ तं कॅसेट होती ना? तिचं काय झालं?"

"खराब झाली," डोमाजी म्हणाले. कोणी खराब केली ते त्यांच्यानं सांगवलं नाही.

रविवारी सकाळी खुशालराव सीडी घेऊन आले. तिच्यावर चरे होते, आणि ती चालवायचं यंत्र शेजारून मागून आणावं लागलं. बुद्धवंदना झाली. जेवणाला अवकाश होता, म्हणून सगळे टीव्हीपुढे बसले. मधोमध चौकोनी चित्र उमटलं, दोन्ही बाजूंना काळं.

"भाऊजी, एवढा मोठा टीव्ही, आन चित्र एवढंसंच?" खुशालरावांनी विचारलं.

डोमाजींचं लक्ष नव्हतं. पांढऱ्या साडीतली मैना फुलांच्या पाकळ्यांचं ताट घेऊन चालत होती. तिला पाय होते, हात होते, चेहरा होता. चित्र अडखळत होतं. ती दोन पावलं चालायची, थिजायची, पुन्हा चालायची. मग ती थांबली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला कोणाकडे तरी बघून काहीतरी बोलली. वरून सनई वाजत होती, त्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते. पण छत्तीस वर्षं डोमाजींनी ते ओठ तसेच हलताना पाहिले होते. कॅमेऱ्याच्या बाजूला त्या वेळी कोण उभं होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. जेवले का तुमी?

"जेवलो," डोमाजी म्हणाले.

खोलीतले सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. बाहेर आचाऱ्यानं अजून भट्टीही पेटवली नव्हती.

"कोनाले म्हनून राह्यले बाबा?" ज्योत्स्नानं विचारलं.

"कोनाले नाई," डोमाजी म्हणाले, आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं उठून आत गेले.