श्रेणी अ, स्थिती पूर्ण

देशाच्या आर्थिक सुधारणा कुठवर आल्या हे मोजण्यासाठी सरकारने एक कक्ष उघडला आणि त्या कक्षाने सर्वप्रथम एक फलक करायला घेतला. रंगवायला पेंटर आला. मी कक्षाचा कारकून, मजकूर मी दिला. रकाने चार: क्रमांक, सुधारणा, श्रेणी, स्थिती. श्रेणी ठरायची होती म्हणून तो रकाना रिकामा. स्थितीचं काम सोपं होतं, कारण चाळीसच्या चाळीस सुधारणा ‘अपूर्ण’ होत्या.

पेंटरने शेवटचा रकाना दोन बोटं अरुंद आखला. शब्द मावेना. अक्षर बारीक करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्याने प्रत्येक ‘अ’ रेघेअलीकडे, श्रेणीच्या रकान्यात सरकवला.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमहोदय आले. त्यांनी मोठ्याने वाचलं, “श्रेणी अ. स्थिती पूर्ण.” आणि आमच्या साहेबांना कडकडून मिठी मारली.

ते गेल्यावर मी म्हणालो, “साहेब, तो ‘अ’ पलीकडचा आहे.”

“असेल. तुला जायचंय का पलीकडे?” साहेब म्हणाले. “डोंगरापलीकडच्या कार्यालयात जागा आहे एक.”

मी गप्प बसलो. बसलोही असतो जन्मभर, पण सुधारणा क्रमांक सतरा होती ‘दुकानाचा परवाना एका दिवसात’, आणि त्या एका दिवसाची माझी ताई तीन महिने वाट बघत होती. शिलाईच्या दुकानासाठी तिने गाळा धरला होता, दोन मशिनी आणून ठेवल्या होत्या. महिनाअखेर दुकान उघडलं नाही, तर मालक गाळा दुसऱ्याला देणार होता. आता परवान्याच्या खिडकीवर चिठ्ठी लागली: ‘सुधारणा पूर्ण झाल्याने काम बंद.’

ताई तडक माझ्या घरी आली. “अरे मेल्या, उघडायच्या आधीच बसवलंस की रे माझं दुकान!”

मला खरंच लाज वाटली. मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन निघालो. पण ‘चुकांची तत्काळ दुरुस्ती’ ही सुधारणा क्रमांक तेवीस. तीही पूर्ण झालेली. दुरुस्तीच्या खिडकीवरच्या बाईंनी विणकामातून मान वर न करता सांगितलं, “चुका संपल्या.”

ताईने ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, “त्या पेंटरचा पत्ता दे.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान थाटात उघडलं. दारावर नवी पाटी, दोन रकान्यांची: श्रेणी आणि परवाना. ताईने पेंटरला एकच शब्द लिहायला दिला होता, ‘अप्राप्त’. तपासनीस आला. “श्रेणी अ, परवाना प्राप्त,” त्याने वाचलं, अदबीने मान लववली आणि पँट कमरेत सैल करायला टाकून गेला.

“एक अक्षर खोटं लिहिलं नाही हो मी,” ताई मला म्हणाली.

सध्या कक्षाने जनतेचं मत मागवलं आहे. अर्ज घरोघरी गेले, रकाने पेंटरनेच आखले. तुमचाही भरून आला. तुम्ही रागारागाने, टपोऱ्या अक्षरात ‘असमाधानी’ लिहिलंय. नोंद घेतली आहे: श्रेणी अ, समाधानी. खाली सही तुमचीच आहे.