जन्माआधीची तरतूद

मूल होणं ही मुळात एक आर्थिक घटना आहे. पूर्वीचे लोक तिला देवाची कृपा म्हणत, कारण त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हते. अशाच अडाणीपणातून डोंबिवलीच्या सरस्वतीबाईंना चार मुलं झाली आणि चारही धडधाकट वाढली. (हा निव्वळ योगायोग होय.)

त्यांचा धाकटा, प्रणित, मात्र विचारी निघाला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो व्हॉल्व्ह तपासायचा. गळती सुरू व्हायच्या आत ती शोधायची, यासाठीच त्याला पगार मिळे. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर बायको, दक्षता, लाजत म्हणाली, "आता बाळाचं बघूया ना रे?"

प्रणित तिला घेऊन नौपाड्यात सूरजच्या ऑफिसात गेला.

सूरज विमा सल्लागार. स्वतः अविवाहित असल्यामुळे कुटुंब या विषयाकडे तो तटस्थपणे पाहू शकत असे. त्याने कागदावर बाबा, आई आणि बाळ अशी तीन चित्रं काढली आणि सगळ्यात आधी बाबांवर फुली मारली.

"समजा, सर नाहीत," तो हसतमुखाने म्हणाला.

त्या दुपारी प्रणित पाच वेळा गेला. दोनदा हृदयविकाराने, दोनदा घोडबंदर रोडवर आणि एकदा कारण न देता. सहाव्या योजनेत तो जगला, पण तिचा परतावा फारच कमी निघाला. "सर राहिले तर थोडं नुकसान आहे," सूरज दिलगिरीच्या सुरात म्हणाला. प्रणितची छाती फुगली. इतकी किंमत त्याला सासरीसुद्धा कुणी दिली नव्हती.

साधा, स्वस्त मुदत विमा घेऊन मोकळं होता आलं असतं. पण त्यात जगलं तर दमडी मिळत नाही, हे ऐकून त्याला अपमान वाटला. मग बाळासाठी शिक्षण योजना घेतली, विवाह योजना घेतली आणि भाववाढीचा भरवसा नाही म्हणून बाळाच्या निवृत्तीचीही योजना घेतली. तक्त्यात बाळ इंजिनिअर झालं, जर्मनीला जाऊन आलं, बोहल्यावर चढलं आणि साठीला पेन्शन खाऊ लागलं. जन्म तेवढा राहिला.

हप्ते भरायचे म्हणून प्रणितने कायमची रात्रपाळी मागून घेतली. दक्षताने कल्याणला औषधांच्या घाऊक दुकानात दिवसाची नोकरी धरली. नवरा-बायकोची गाठ पडे ती घराच्या उंबऱ्यावर. तो आत, ती बाहेर. कुटुंबनियोजनाचा याहून खात्रीचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. रविवारी दोघं घरी असत, पण रविवारी सूरज येई.

अशी तीन वर्षं गेली. "अरे, गोड बातमी कधी?" सरस्वतीबाई विचारत.

"आई, अजून परदेशी शिक्षणाचा खर्च बसत नाहीये."

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. रिपोर्ट सगळे उत्तम. बाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही दोघं एका वेळी घरी असता कधी?"

प्रणितने खिशातून पाळ्यांचं वेळापत्रक काढलं. ते पाहून दक्षताला आधी हसू आलं. मग ते हसू थांबेना, आणि बाहेर येईपर्यंत त्याचं रडू झालं.

"तू मेल्यावर मी श्रीमंत होणारे, ते कळलं मला," रस्त्यातच ती म्हणाली. "जिवंत असताना तू मला कधी मिळणारेस, ते सांग!"

गळती शोधण्यात हयात घालवलेला माणूस हातातलं वेळापत्रक पुन्हा तपासू लागला. त्या संध्याकाळी तो कामावर गेला नाही. आठवड्याभरात त्याने दिवसपाळी मागितली, तिन्ही योजना बंद केल्या आणि तो अपमानास्पद मुदत विमा तेवढा घेतला. पुढच्या रविवारी सूरजने बराच वेळ बेल वाजवली. दार उघडलं नाही. (दोघं घरातच होती.)

योजना अर्ध्यावर मोडल्या, मग हातात काय पडलं, भरलेले हप्ते बुडाले की काय, हे प्रश्न सुज्ञ वाचकाला एव्हाना छळू लागले असतील. बरेचसे बुडाले.

बाकी बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं.